तळटीप : कर्बचक्र व हरितगृह परिणाम

नांदेड-लातूरकडील काळ्या जमिनीत वखर चालवताना जे चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, ते मुळांच्या श्वसनातून सुटलेला कर्बवायू पाण्यात विरघळून व कॅल्शियमशी संयोग पावून घट्ट झालेला अंश होय. कर्बचक्राच्या शालेय आकृतीत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. बांधावर जाळलेली पऱ्हाटी हंगामभर साठवलेला कर्ब तासाभरात हवेच्या हवाली करते खरी, परंतु तो हवेतूनच घेतलेला असल्याने खरी भर पडते ती परळीच्या औष्णिक केंद्रातल्यासारख्या कोळशाने. १९५८ साली हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा कर्बवायू आता ४२० च्या वर गेला असून, तप्त भूमीची उष्णता तो अडवतो. तथापि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याचा सारा दोष या वायूवर ढकलणे प्रस्तुत संपादकास मंजूर नाही.