बिघाडाच्या आधीचा क्षण

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटेपासून गाड्या लागतात. आवक, वजन, भाव, तोलाई यांच्या नोंदींवरून शेतकऱ्याची हिशोबपट्टी निघते. समजा, एखाद्या गाळ्यावरील संगणकात सकाळी १०.४० वाजता चुकीच्या आज्ञेने या नोंदी पुसल्या गेल्या. रात्री घेतलेला बॅकअप तेव्हा अपुरा ठरतो, कारण पहाटेची विक्री त्यात नसतेच.

उपाय जुन्या पेढ्यांच्या परिचयाचा आहे. खतावणी भिजली, तरी किर्द शाबूत असल्यास ती पुन्हा मांडता येते. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी ‘ट्रॅन्झॅक्शन लॉग’ नावाच्या आपल्या किर्दीत लिहितो. रात्रीची पूर्ण प्रत वेगळ्या जागी उतरवायची, तिच्यावर लॉगमधील व्यवहार क्रमाने चढवायचे आणि १०.३९ला थांबायचे. ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या मुक्त प्रणालीत ही सोय २००५च्या ८.० आवृत्तीपासून आहे. चुकीनंतर झालेले खरे व्यवहार मात्र तपासून पुन्हा भरावे लागतात.

लॉगची साखळी अखंड हवी. मधली एक फाइल हरवली, की पुनर्स्थापना तेथेच अडते. लॉग त्याच डिस्कवर ठेवणे म्हणजे किर्द आणि खतावणी एकाच पेटीत ठेवणे.

प्रत परत उतरवून पाहण्याचा कंटाळा तर सार्वत्रिक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते असे आढळले. सुमारे ६ तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली. त्यानंतरच्या नोंदी गेल्या.