घरात संकोच, जगात सन्मान

ज्या गाण्यांनी देशाचे नाव जगभर पोहोचवले, त्याच गाण्यांची त्या देशातील सुशिक्षितांना लाज वाटावी, असा अनुभव स्वीडनने गेल्या शतकात घेतला.

६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली. तीत ‘ॲबा’ या स्वीडिश चौकडीने ‘वॉटर्लू’ हे गीत गाऊन पहिला क्रमांक मिळवला. स्वीडनचा या स्पर्धेतील तो पहिलाच विजय होता.

मायदेशी मात्र त्याचे निर्भेळ कौतुक झाले नाही. डाव्या विचारांच्या तरुणांची संगीत चळवळ तेव्हा तेथे जोरात होती. संगीत हा विक्रीचा माल नव्हे, असा तिचा आग्रह होता. चकचकीत पोशाखातील, इंग्रजीत गाणारी आणि व्यवस्थापक स्टिग अँडरसन यांच्या व्यापारी कौशल्याची साथ लाभलेली ही मंडळी तिला बाजाराची प्रतिनिधी वाटली. त्याच वर्षी संसदेने स्वीकारलेल्या सांस्कृतिक धोरणातही व्यापारीकरणाच्या दुष्परिणामांना आवर घालणे, हे एक उद्दिष्ट होते. रिवाजाप्रमाणे १९७५ ची स्पर्धा स्टॉकहोमला भरली, तेव्हा विरोधकांनी पर्यायी संगीतोत्सव भरवला. १९७६ मध्ये तर स्वीडनने स्पर्धेत भागच घेतला नाही.

या विरोधाला केवळ मत्सर म्हणणे अन्यायाचे होईल. छोट्या भाषेच्या समाजाने आपले गाणे बाजाराच्या हाती किती सोपवावे, हा प्रश्न खरा होता आणि आजही आहे. चळवळीची चूक एवढीच, की जे लोकप्रिय ते उथळच, असे तिने गृहीत धरले. दोन्ही दांपत्यांचे संसार मोडत असतानाच्या काळातील ॲबाची गाणी ऐकली, तर त्या गोड चालींखालील विषाद लपत नाही.

१९८२ नंतर चौकडी थांबली. मतपरिवर्तन सावकाश झाले. अँडरसन यांच्या देणगीतून १९८९ मध्ये पोलर संगीत पुरस्काराची स्थापना झाली. स्वीडनच्या राजाच्या हस्ते दिला जाणारा हा पुरस्कार १९९८ मध्ये आपल्या पंडित रविशंकरांना लाभला. बाजारू म्हणून हिणवलेल्या व्यवसायातील पैसा अभिजात संगीताच्या गौरवालाही उपयोगी पडला! २०१३ मध्ये स्टॉकहोमला ॲबाचे संग्रहालय उघडले आणि २०२४ मध्ये राजाने चौघांनाही शाही सन्मान दिला.

विजयानंतर पन्नास वर्षांनी आलेला हा सन्मान आनंदाचा खराच. पण जगाने वाखाणल्यावर आपल्या माणसांची थोरवी मान्य करणे सोपे असते. ती आधी ओळखण्यासाठी स्वतःच्या कानांवर विश्वास असावा लागतो.