बर्न्सच्या शेजारचा आवाज

पहिल्यांदा 'रिचर्ड बर्न्स रॅली' खेळलो तेव्हा माझी गाडी तिसऱ्या वळणावर झाडाला धडकली. दुसऱ्यांदा दुसऱ्या वळणावर. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर राहायचो आणि 'नीड फॉर स्पीड'वर वाढलेला असल्यामुळे आपल्याला गाडी येते असा माझा ठाम समज होता. अर्ध्या तासाने मी जाहीर केलं की गेम भिकार आहे, स्टीअरिंग चालतच नाही. ज्याच्या लॅपटॉपवर खेळत होतो तो सीनियर मान वर न करता म्हणाला, "गेम बरोबर आहे. तू चुकतोयस."

हा गेम जुलै २००४ मध्ये आला. तेव्हा मी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होतो. आज मी नोकरीत सॉफ्टवेअर लिहितो, आणि मी लिहिलेल्या पहिल्या प्रॉडक्टला कंपनीने अडीच वर्षांत टाळं लावलं. निरोपाचा केक कापला, सर्व्हर बंद केले, संपलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बर्न्स रॅली लावला आणि पहिल्यांदाच नीट प्रश्न पडला: बनवणारी कंपनी नाही, विकणारं दुकान नाही, सोर्स कोड कुणाला मिळालेला नाही, मग हा अजून चालतो कसा? त्याचा इतिहास खणण्याची सुरुवात तिथून झाली.

ज्यांना रॅली म्हणजे मोर्चाच आठवतो त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटर रॅलीत गाड्या एकमेकींना ओव्हरटेक करत नाहीत. जंगलातला, डोंगरातला एखादा कच्चा किंवा डांबरी रस्ता बंद करतात, त्याला 'स्टेज' म्हणतात. गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक सोडतात आणि प्रत्येकीची वेळ मोजतात. सगळ्या स्टेजेसची बेरीज ज्याची कमी तो जिंकला. गाडीत दोघं असतात. चालक रस्त्याकडे बघतो, सहचालक वहीकडे. वहीत आधी पाहणी करून लिहिलेल्या प्रत्येक वळणाच्या नोंदी असतात, त्या तो वळण दिसायच्या आधी वाचून दाखवतो. आमच्याकडे ताम्हिणी घाटात हे काम आई करते, फक्त तिची सूचना वळण गेल्यावर येते.

रिचर्ड बर्न्स हा इंग्लंडमधल्या रेडिंगचा. १९७१ चा जन्म. २००१ मध्ये सुबारूच्या गाडीतून तो जगज्जेता झाला. जागतिक रॅलीचं चालकांचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला इंग्लिश माणूस, आणि आजवरचा एकमेव. शेजारच्या सीटवर रॉबर्ट रीड. गंमत म्हणजे त्या अख्ख्या मोसमात बर्न्स एकच रॅली जिंकला, न्यूझीलंडची. पण तो पडत-धडपडत नव्हता, प्रत्येक ठिकाणी गुण उचलत होता. त्याचा प्रतिस्पर्धी स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्रे नेमका उलटा. मॅक्रे म्हणजे थरार, एक तर पहिला येणार नाही तर गाडी छपरावर. शेवटच्या रॅलीत तेच झालं. मॅक्रेची गाडी कोलांट्या खात गेली, आणि बर्न्स तिसरा येऊन दोन गुणांनी विजेता झाला.

या दोघांच्याही नावाने गेम निघाले, आणि मला नेहमी वाटतं की दोन्ही गेम आपापल्या माणसावर गेले. कोडमास्टर्सचा 'कॉलिन मॅक्रे रॅली' १९९८ चा. जोरदार चालला, त्याची मालिका झाली, पुढे तीच 'डर्ट' झाली. बर्न्सचा गेम सहा वर्षांनी आला आणि विक्रीत मॅक्रेच्या सावलीलाही पोचला नाही. तो सावध माणसाचा गेम होता. चूक केलीत तर शिक्षा करणारा, आणि चूक न करणाऱ्यालाही फार कौतुक न दाखवणारा.

गेम बनवला वॉर्थॉग या ब्रिटिश कंपनीने, प्रकाशित केला एससीआयने. आठ गाड्या, सहा देश. भौतिकशास्त्राचा भाग लिहिला एरो पिटुलाइनेन या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने, आणि गेमच्या दीर्घायुष्याचं निम्मं श्रेय मी या एका माणसाला देईन.

का, ते सांगतो. बहुतेक गेममध्ये स्टीअरिंग म्हणजे हुकूम असतो. डावीकडे म्हटलं की गाडी डावीकडे जाते. इथे स्टीअरिंग हा अर्ज आहे, मंजूर करणं टायरच्या हातात. आणि खडीवर टायरला पकड असते ती वजन त्याच्यावर असेल तेवढीच. म्हणजे वळायचं असेल तर आधी ब्रेक दाबून गाडीचं वजन पुढच्या चाकांवर आणा, मग वळवा. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि गाडी शेपूट फिरवून दरीकडे बघू लागते. तिसऱ्या वळणावर माझं नेमकं हेच होत होतं. मग कळतं की हीच चूक मुद्दाम, मोजून केली तर तिला तंत्र म्हणतात. उजवीकडचं तीव्र वळण असेल तर आधी क्षणभर डावीकडे वळवायचं, गाडीला लंबकासारखा झोका द्यायचा आणि परतीच्या झोक्यात ती उजवीकडे फेकायची. डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर एकाच वेळी. पहिले दोन आठवडे हे हास्यास्पद वाटतं. तिसऱ्या आठवड्यात एखादं वळण असं जमून येतं की खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारावी लागते.

गेममध्ये हे सगळं शिकवणारी एक रॅली शाळा आहे. रिवाइंडचं बटण मात्र नाही. खरं नुकसान चालू ठेवलं तर दगडाला नाक लागून रेडिएटर फुटतो, काटा हळूहळू चढतो, आणि शेवटच्या किलोमीटरला इंजिन प्राण सोडतं. सगळा वेळ तुम्हाला माहीत असतं की हे होणार आहे.

तर हा गेम आला, समीक्षकांनी 'फार अवघड' म्हणत मान डोलावली, आणि बाजार पुढे गेला. वॉर्थॉग त्याच वर्षी विकली गेली. घेतली टायगर टेलिमॅटिक्सने, म्हणजे 'गिझमोंडो' हे हातात धरायचं गेमयंत्र काढणाऱ्यांनी. ते यंत्र दणकून आपटलं आणि २००६ च्या सुरुवातीला कंपनीचं दिवाळं वाजलं. (त्याच महिन्यांत या कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने कॅलिफोर्नियात फेरारी एन्झो खांबावर घालून गाडीचे दोन तुकडे केले. इतिहासाला कधीकधी विनोदाची फार स्वस्त आवड असते.) इकडे एससीआयने आयडॉस घेतली, आयडॉसला स्क्वेअर एनिक्सने घेतलं. या साखळीत कुणीही बर्न्स रॅली पुन्हा विकायला काढला नाही. स्टीमवर तो कधीच आला नाही.

आणि खुद्द बर्न्स? नोव्हेंबर २००३ मध्ये वेल्सच्या रॅलीला जाताना गाडी चालवता चालवताच त्याची शुद्ध हरपली. शेजारी एस्टोनियाचा रॅलीपटू मार्को मार्टिन होता, त्याने गाडी सावरली म्हणून दोघं वाचले. निदान झालं मेंदूतल्या गाठीचं. तोपर्यंत त्या मोसमात तो बराच काळ गुणतक्त्यात पहिला होता, तेही एकही रॅली न जिंकता. पुढच्या वर्षी तो सुबारूत परतणार होता. त्याऐवजी २००४ मध्ये त्याच्या नावाचा गेम दुकानात आला तेव्हा तो उपचार घेत होता. २५ नोव्हेंबर २००५ ला तो गेला. जगज्जेता झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. वय ३४.

म्हणजे २००६ साली परिस्थिती अशी: ज्याचं नाव तो नाही, ज्यांनी बनवला ते नाहीत, ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना रस नाही. आमच्या भाषेत याला 'एंड ऑफ लाइफ' म्हणतात. मेल येतो, तारीख येते, विषय संपतो.

इथेच मॉडर लोकांनी हात घातला. सोर्स कोड नसताना दुसऱ्याचा प्रोग्रॅम बदलणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्यांची थोरवी कळणार नाही. समजा तुमच्याकडे आजीच्या हातची तयार पुरणपोळी आहे, कृती नाही, आजीही नाही. ती पोळी चाखून, फोडून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून जायफळ किती होतं ते शोधायचं. आणि मग त्याच पोळीत, ती न मोडता, गूळ बदलायचा. मेमरीत गाडीचा वेग कुठल्या पत्त्यावर आहे, टायरचं गणित कुठल्या फंक्शनमध्ये होतं, हे एकेक करून हुडकत त्यांनी बाहेरून डीएलएल फाइली जोडल्या. ऑफिसात स्वतःच्याच टीमचा, कॉमेंट लिहिलेला कोड वाचताना माझी दमछाक होते, म्हणून याचं मला जास्तच वाटतं.

मूळ गेम परिपूर्ण होता असंही नाही. खडीवर तो अप्रतिम, पण डांबरावर गाडी थोडी खोटी वाटायची, आणि फोर-व्हील ड्राइव्ह सोडून बाकी गाड्यांचं गणित कच्चं होतं. वर्षानुवर्षांच्या कामातून 'एनजीपी' नावाचं मॉड तयार झालं, त्याने हे गणितच नव्याने लिहिलं. आठ गाड्यांच्या जागी साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांपासून आजच्या रॅली कारपर्यंत रांग लागली. स्टेजेस शेकड्यांनी वाढल्या. झेक प्रजासत्ताकातल्या झ्लिनच्या रॅलीत धावणारी सेमेतीनची स्टेज कुणीतरी घरी बसून, फोटो आणि नकाशे समोर ठेवून बांधली. त्या रस्त्यावर मी कधीच गेलेलो नाही, पण तिथलं जंगल मला माझ्या ऑफिसच्या पार्किंगपेक्षा चांगलं ठाऊक आहे. डायरेक्टएक्स ९ च्या काळातला ३२ बिटचा हा प्रोग्रॅम आता व्हीआर चष्म्यातही चालतो.

स्पर्धांचं मला सगळ्यात आवडतं. मूळ गेममध्ये ऑनलाइन खेळायची सोयच नव्हती. पण रॅली हा खेळच असा की सगळ्यांनी एका वेळी रस्त्यावर असण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी, आपल्या सवडीने स्टेज चालवायची, वेळ वर पाठवायची, बस. झेक, फ्रेंच, हंगेरियन हौशी लोकांनी एवढ्यावर अख्ख्या स्पर्धा उभ्या केल्या. एकच संधी, पुन्हा सुरू करायचं नाही, अपघात झाला तर बाहेर. समोर कुणी नसताना, निव्वळ एका तक्त्यातल्या नावाशी लढताना हाताला घाम येतो, हे खेळल्याशिवाय पटत नाही.

इथे एक कडवट तुलना करावीच लागते. यूबीसॉफ्टने 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम मार्च २०२४ मध्ये बंद केला. तो सर्व्हरशिवाय चालत नव्हता, त्यामुळे पैसे देऊन विकत घेतलेल्यांच्या हातातही काही उरलं नाही. कोडमास्टर्सने ईएच्या छत्राखाली २०२३ मध्ये अधिकृत जागतिक रॅलीचा गेम काढला, आणि २०२५ मध्ये त्यावरचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. २००४ चा गेम मात्र सुरू आहे, कारण त्याला कुणाची परवानगी विचारावी लागत नाही. तो इतका जुना आहे की त्याला मालकाला फोन करणं माहीतच नाही.

यात कायद्याची अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गेमचे हक्क संपलेले नाहीत. मॉडर पैसे घेत नाहीत, पण ज्या पायावर ते बांधतात तो त्यांचा नाही. उद्या कुणी वकिलाची नोटीस धाडली तर वीस वर्षांचं काम एका दुपारी उतरवावं लागेल. मालकाचं दुर्लक्ष हीच इथली परवानगी. माझ्या बंद पडलेल्या प्रॉडक्टचेही थोडे वापरकर्ते होते, एक शिक्षिका तर शेवटपर्यंत मेल करत होत्या. आम्ही त्यांना कोड देऊ शकलो असतो. कुणी मागितला नाही, कुणी सुचवलंही नाही. मीही नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मूळ गेममधली तशीच राहिली आहे. सहचालकाचा आवाज. तो खुद्द रॉबर्ट रीडचा. रीड पुढे आंतरराष्ट्रीय मोटर क्रीडा महासंघाचा उपाध्यक्ष झाला, २०२५ मध्ये त्याने राजीनामा दिला. पण गेममध्ये तो अजून तेव्हाच्याच स्वरात, न चिडता, न घाई करता वळणं वाचतो. मीडियम, फास्ट, इझी, आणि 'के' नावाचं एक वळण ज्याने माझ्या गाड्यांचा सर्वाधिक चुराडा केला. ज्या माणसाच्या शेजारी बसून तो वाचायचा त्याच्या जागी गेली वीस वर्षं कुणीही येऊन बसतं.

रीड ठेवायचा नसेल तर वेगवेगळ्या भाषांतले आवाज मिळतात, हौशी लोकांनीच रेकॉर्ड केलेले. मराठी नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी आणि माझा रूममेट अभय कपाटात मायक्रोफोन ठेवून बसलो. पहिला वाद: सहचालकाने चालकाला 'कापू नको' म्हणावं की 'कापू नका'? अभय म्हणाला, मरायची वेळ आल्यावर अहो-जाहो कोण करतं. दुसरी अडचण जास्त खरी होती. ताशी १२० च्या वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते, आणि 'उजवीकडे मध्यम वळण' म्हणेपर्यंत ते वळण आईच्या सूचनेसारखं मागे पडतं. मग आम्ही कापत गेलो. उजवीकडेचं 'उजवं', मग नुसतं 'उज'. हेअरपिनला पुण्यातला कुणीही म्हणतो तसं 'यू'. उडीला 'उडी', ती आयतीच छोटी होती.

पहिल्या चाचणीला अभय स्टीअरिंगवर, स्टेज हारवूड फॉरेस्ट. पहिली चार वळणं माझा आवाज ऐकत तो झकास गेला. पाचव्याला मी 'डाव' म्हटलं होतं, त्याने ते 'धाव' ऐकलं. गाडी झाडात. आता 'डा' करून बघतोय.