गाठ ‘नसेजवळ’ आहे म्हटल्यावर घाबरू नका, पण अंगावरही काढू नका : तपासणी, ऑपरेशन आणि पुण्यातील सोय

पुणे : मांडीत, काखेत किंवा गुडघ्यामागे आलेली गाठ दुखत नाही म्हणून अनेक जण वर्षानुवर्षं अंगावर काढतात. यातल्या बहुतेक गाठी चरबीच्या, म्हणजे साध्या आवाळूच्या असतात. त्यांचा धोका नसतो. मात्र काही गाठी स्नायूंच्या आत, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांना लागून वाढतात. त्यातल्या थोड्या कॅन्सरच्या निघतात. या कॅन्सरला ‘सार्कोमा’ म्हणतात.

‘नस’ म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण सगळ्यालाच नस म्हणतो. डॉक्टरांच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मज्जातंतू हालचाल आणि स्पर्श सांभाळतो, तर रक्तवाहिनी रक्त पोचवते. मज्जातंतूला इजा झाली तर बधिरपणा येतो किंवा पाऊल उचलत नाही. मुख्य रक्तवाहिनी तुटली तर पाय किंवा हातच धोक्यात येतो. त्यामुळे ‘गाठ नसेजवळ आहे’ असं कुणी सांगितलं तर कोणत्या नसेजवळ, हे आधी विचारून घ्यावं.

कोणती गाठ लगेच दाखवावी?

• पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण लिंबापेक्षा मोठी
• थोड्या महिन्यांत वाढलेली
• खोलवर, हाताला न हलणारी
• दाबली की मुंग्या किंवा झिणझिण्या येणारी
• एकदा काढूनही परत आलेली

अशा गाठीला लेप, मालिश किंवा डाग देण्यात वेळ घालवू नये.

आधी तपासणी, मग ऑपरेशन

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे चरबीची गाठ समजून कुठेही घाईत काढून टाकणं. नंतर ती सार्कोमा निघाली तर आजूबाजूला पेशी राहून गेलेल्या असतात. मग दुसरं, पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं.

योग्य क्रम असा : सोनोग्राफी, मग एमआरआय, त्यानंतर सुईने तुकडा काढून बायोप्सी. एमआरआयमध्ये गाठ मज्जातंतूला नुसती टेकली आहे की त्याला वेढून बसली आहे, हे दिसतं. कॅन्सर निघाला तर छातीचा सीटी स्कॅन करतात, कारण सार्कोमा बहुधा फुफ्फुसात पसरतो.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगावी आहे. योग्य जागी, पुढच्या ऑपरेशनच्या चिऱ्याच्या रेषेत केलेली बायोप्सी सुरक्षित असते. म्हणूनच जी टीम ऑपरेशन करणार, तिच्याच सल्ल्याने बायोप्सी करावी. काढलेली कोणतीही गाठ फेकू न देता लॅबला पाठवायला सांगावं आणि रिपोर्ट जपून ठेवावा.

ऑपरेशन कसं होतं?

मज्जातंतूच्या आवरणातून वाढणारी ‘श्वानोमा’ नावाची साधी गाठ बहुतेक वेळा तंतू शाबूत ठेवून सोलून काढता येते.

सार्कोमात मात्र गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढावा लागतो. गाठ मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला फक्त टेकलेली असेल तर त्यांचं बाहेरचं पातळ आवरण गाठीबरोबर काढतात आणि तंतू किंवा वाहिनी वाचवतात. मुख्य धमनी गाठीत पूर्ण अडकली असेल तर तेवढा तुकडा काढून बहुधा पायातलीच दुसरी शीर घेऊन जोड देतात. ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर अनेकदा रेडिएशन, म्हणजे ‘शेक’ द्यावा लागतो.

पाय कापावाच लागतो का?

आता बहुतेक रुग्णांना नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने 1982 साली 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 16 जणांचा हात किंवा पाय काढला होता, तर 27 जणांचा वाचवून रेडिएशन दिलं होतं. वाचवलेल्यांपैकी चौघांची गाठ त्याच जागी परत आली, पण एकूण जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. उशीर झाला, गाठीने सगळंच वेढलं, तर मात्र पर्याय कमी होतात.

नंतरची काळजी

दुखावलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने भरून येतो. म्हणून ताकद यायला महिने लागतात, फिजिओथेरपी सोडू नये. पाऊल लोंबत असेल तर पट्टा, म्हणजे स्प्लिंट मिळतो. बधिर पायाने शेतात अनवाणी जाऊ नये. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. सार्कोमाच्या रुग्णांनी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला जावंच.

पुण्यात कुठे जायचं?

पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे. सार्कोमा निघाल्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचाही सल्ला घेता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन भरती होण्याआधीच त्याला भेटावं, कारण मंजुरी आधी लागते. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा.

डॉक्टरांना हे जरूर विचारा : गाठ कोणत्या तंतूजवळ किंवा वाहिनीजवळ आहे? बायोप्सी झाली का? ऑपरेशननंतर हातापायाची कोणती हालचाल कमी होऊ शकते? उत्तर नीट समजल्यावरच संमतीपत्रावर सही करावी.