करंजी जमते, मग पाय क्रस्ट का फसतो? नागपूरच्या उन्हात घरच्या घरी क्रस्ट कसा करायचा?

रील बघून ॲपल पाय करायचं ठरवलं. मैदा आणला, महागाचं बटर आणलं, पीठ मळलं. ओव्हनमधून बाहेर आला तो तूप सुटलेला, आक्रसलेला आणि चामट तुकडा. प्रताप नगरातलं स्वयंपाकघर असो की खामल्यातलं, मे महिन्यात असं होण्याची शक्यता जरा जास्तच.

गंमत म्हणजे याच घरांत दिवाळीची करंजी खुसखुशीत होते आणि पुडाची वडीही जमते. मग पाय क्रस्टलाच काय होतं? याचं उत्तर मोहनात आहे.

पाय क्रस्ट म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर पायची पारी. मैदा, बटर, चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी, एवढंच साहित्य. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये याला 'कॉफिन', म्हणजे पेटी म्हणायचे. तेव्हा ती जाड, कडक पारी मांस शिजवायचं आणि टिकवायचं भांडं होती. आजचा क्रस्ट मात्र हलका आणि पापुद्र्यांचा असतो.

मोहन आणि बटर, फरक काय?

मैद्यात पाणी पडलं आणि पीठ मळलं की ग्लूटेन तयार होतं. ग्लूटेन म्हणजे पिठाला ताण देणारं जाळं. पोळीला ते हवं असतं, करंजीला नको असतं. म्हणून आपण पाणी घालण्याआधी कडकडीत मोहन घालतो. पातळ झालेलं तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, पाणी आत शिरायला अडतं आणि पारी खुसखुशीत होते. मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे, ही घराघरातली परीक्षा त्यासाठीच.

पायमध्ये याच्या उलट चालतं. बटर थंड आणि घट्ट ठेवायचं, त्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहू द्यायचे. लाटताना ते चपटे होतात. ओव्हनमध्ये बटर वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचे थर वर उचलते. असे पापुद्रे सुटतात. चिरोट्यात हेच काम आपण साटा लावून करतो.

म्हणजे तत्त्व एकच, तापमान वेगळं. अडचण येते ती इथेच. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत ओट्यावर ठेवलेलं बटर लाटायच्या आधीच मोहन होऊन बसतं. मग पापुद्रे येणार कुठून?

प्रमाण किती?

वजनानं ३:२:१ लक्षात ठेवा. मैदा तीन भाग, बटर दोन, पाणी एक. ९ इंची साच्याच्या एका पारीसाठी:

- मैदा १८० ग्रॅम
- बटर १२० ग्रॅम
- बर्फाचं पाणी ४५ ते ६० मिली
- मीठ पाव चमचा (बटर खारं असेल तर नको)

पहिल्यांदाच करत असाल तर निम्म्या प्रमाणात छोट्या वाट्या करा. फसलं तरी नुकसान कमी.

कसं करायचं?

१. उन्हाळ्यात काम पहाटे उरका. मैदा आणि परात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, बटर फ्रीजरमध्ये.

२. गोठलेलं बटर जाड किसणीनं किसा. निम्मं मैद्यात बोटांच्या टोकांनी पटकन चोळा. तळहात लावू नका, तो गरम असतो. उरलेलं बटर नुसतं मिसळा.

३. पाणी चमच्या-चमच्यानं घाला. मुठीत दाबल्यावर मुटका झाला की थांबा. करंजीचीच परीक्षा इथेही चालते. कणकेसारखं मळू नका.

४. गोळा चपटा करून झाका आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. बटर पुन्हा घट्ट होतं आणि ग्लूटेनचा ताण उतरतो. ही पायरी गाळली की क्रस्ट आक्रसतो.

५. ताटात बर्फ घेऊन ते दहा मिनिटं ओट्यावर ठेवा. मग ओटा पुसून तिथेच पारी लाटा. पीठ चमकायला किंवा चिकटायला लागलं तर बटर सुटतंय. वरून मैदा मारत बसू नका, सरळ फ्रीजमध्ये ठेवा.

६. पारी साच्यात बसवा, काट्यानं टोचे मारा आणि अर्धा तास पुन्हा थंड करा.

७. ओव्हन २०० अंशांवर नीट तापवा. पारीवर बटर पेपर घालून त्यात राजमा किंवा छोले भरा, म्हणजे तळ फुगत नाही. १५ ते २० मिनिटं भाजा. मग कागद आणि कडधान्य काढून सोनेरी होईपर्यंत आणखी ८ ते १० मिनिटं. साचा खालच्या कप्प्यात ठेवला तर तळ कच्चा राहत नाही.

तूप किंवा कणीक चालेल का?

चालेल, पण फरक पडेल. बटरमध्ये जवळपास ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. त्यामुळे गोठवलेलं तूप घेतलं तर क्रस्ट खुसखुशीत होतो, पापुद्रे मात्र कमी सुटतात. १२० ग्रॅम बटरऐवजी १०० ग्रॅम तूप पुरे, पाणी किंचित वाढवा. कणीक एक तृतीयांशापर्यंत घ्या. त्यातला कोंडा जास्त पाणी पितो.

आत काय भरायचं?

सफरचंदच हवं असं नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अर्धा लिटर रस, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोर आणि ८० ग्रॅम साखर घट्ट होईपर्यंत शिजवा, भाजलेल्या क्रस्टमध्ये ओता आणि थंड करा. रस काढताना बिया आणि पांढरा भाग टाळा, त्यानं कडवटपणा येतो.

आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात ती थंडीच्या तोंडावर. तेव्हा ओटाही थंड असतो आणि बटरही लवकर सुटत नाही. पहिला पाय करून बघायला नागपुरात याहून चांगला मुहूर्त नाही.