कुलूपबंद पेटी आणि बोर्डीचे खडे-शिंपले

शाळा सुरू झाल्या की शैक्षणिक साहित्याची चर्चा सुरू होते. कुठे संच पोचला, कुठे अजून आलेला नाही, कुणाच्या पेटीत काय कमी निघालं. पण आलेलं साहित्य मुलांच्या हातात किती वेळ असतं, हे फारसं कुणी विचारत नाही. या प्रश्नाशी आपल्याच डहाणू तालुक्याचा जुना संबंध आहे, म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात रोमपासून करावी लागेल. १९०७ मध्ये मारिया माँटेसोरी यांनी तिथल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. मुलाने हाताने करून शिकावं, यासाठी त्यांनी खास साहित्य तयार केलं. त्यातला गुलाबी मनोरा अनेकांनी पाहिला असेल. १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंतचे दहा लाकडी ठोकळे, मोठ्यावर लहान असे रचायचे. चुकलं तर मुलाला स्वतःलाच दिसतं, बाईंनी सांगावं लागत नाही. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

आपल्याकडे हा विचार रुजवला गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडलेल्या या माणसाने १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. बालमंदिरं निघू लागली, पण प्रामुख्याने शहरांत. मापात कापलेले, रंगवलेले लाकडी संच खेड्यातल्या शाळेला परवडणार कसे? १९३१ मध्ये लंडनला माँटेसोरींची भेट झाली तेव्हा गांधीजींनीही हीच अपेक्षा बोलून दाखवली होती, की हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांपुरतं न राहता अगदी गरिबाच्या मुलापर्यंत पोचावं.

ते पोचवायला ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्त्यांतली मुलं येईनात. घरी धाकटी भावंडं सांभाळायची, मोठी माणसं कामावर. मग या दोघींनी शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्द या अंगणांतून आला.

अंगणात जड लाकडी संच रोज कोण वाहणार? तिथे खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या आणि मातीच साहित्य झाली. इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो आणि म्हणतो, बघा, किती स्वस्तात काम झालं! मला वाटतं, खरी गोष्ट स्वस्ताईच्या पुढची आहे.

गुलाबी मनोऱ्याची बरोबर रचना ठरलेली आहे. ती त्याची ताकदच आहे, पण मर्यादाही आहे. पाच मुलांपुढे मूठमूठ शिंपले ठेवा. एक मोजेल, दुसरी लहानमोठे वेगळे करेल, तिसरा मासा काढेल, चौथी नुसती कानाला लावून बसेल, पाचवा दुकान मांडेल. शिंपल्याचं काय करायचं, ते मूल ठरवतं. शिवाय तो फुटला तर कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. आणि पानांचा खेळ निघाला की वारली मुलाला बाईंपेक्षा जास्त नावं येतात. वर्गात त्या मुलाची किंमत वाढते ती अशी.

पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी तिथे आकाराला आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली, म्हणजे मूल गुरांमागे आणि शाळा मुलामागे.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. त्यामुळे ती गावोगाव पोचली, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्यासोबत पेटी आली आणि पेटीसोबत डेडस्टॉक रजिस्टर आलं. तपासणीला वस्तू कमी भरली तर उत्तर सेविकेने किंवा गुरुजींनी द्यायचं. मग साहित्य कपाटात जपून ठेवलं जातं यात नवल काय? दोष त्यांना देऊन उपयोग नाही, कारण वस्तू वापरून झिजली पाहिजे हे त्या रजिस्टरला कळतच नाही. २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी केंद्राने ‘जादुई पिटारा’ आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या, कल्पना चांगलीच आहे. पण तो पिटाराही कपाटात गेला तर जादू कुणासाठी?

आता कुणी म्हणेल, श्रीमंतांच्या मुलांना महागडी खेळणी आणि आमच्या मुलांना दगडगोटे का? आक्षेप रास्त आहे. खडे-शिंपल्यांच्या नावाखाली सरकारने हात आखडता घेणं हे ताराबाईंच्या कामाच्या उलट होईल. लाकडी संच स्वतःच बरंच शिकवतो. शिंपल्यातून खेळ काढायला मात्र मुलाकडे बघणारी, थांबणारी, तयारीची बाई लागते. म्हणूनच या दोघींनी बालशिक्षिका तयार करण्यावर एवढी मेहनत घेतली. पैसा लागणारच, फक्त तो नुसत्या खोक्यांवर न जाता प्रशिक्षणावर आणि सेविकेच्या मानधनावरही गेला पाहिजे.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एवढं विचारा. साहित्याची पेटी शेवटची कधी उघडली? मुलांनी वापरताना मोडलेली वस्तू खर्ची टाकण्याचा ठराव समिती करेल का? आणि गावातल्या नदीतले, रानातले, समुद्रावरचे खडे-बिया-शिंपले ठेवायला वर्गात मुलांच्या हाताला येईल असा एक कोपरा मिळेल का? बोर्डी-कोसबाड आपल्या तालुक्यात आहे. निदान आपल्याला तरी हे विचारायला कुणाच्या परिपत्रकाची वाट बघायला नको.