हजेरीपटाबाहेरचे मालेगाव

नाशिक जिल्ह्यात रोजगार कुठून येतो, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे छापखाने, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, लासलगावचा कांदा. मालेगाव या यादीत शेवटी येते, किंवा येतच नाही. ते आठवते ‘संवेदनशील शहर’ म्हणून, पोलीस बंदोबस्ताच्या बातमीत. हातमाग आणि यंत्रमागावर उभे राहिलेले हे कामगारांचे शहर आहे, ही ओळख मागे पडते. याला केवळ पूर्वग्रह कारणीभूत आहे असे मला वाटत नाही. त्यामागे कायद्याचा आणि मोजणीचा एक इतिहास आहे.

आधी नाशिककडची बाजू पाहू. इथला मोठा उद्योग सरकारच्या बोटाला धरून आला. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२८ साली नोटांचा छापखाना. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूरला प्लॉट पडले. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. पुढे मायको, महिंद्र आले. या नोकऱ्यांबरोबर हजेरीपट आला, भविष्य निर्वाह निधी आला, भरपगारी रजा आली. पगाराची चिठ्ठी दाखवली की बँक घराला कर्ज देऊ लागली. ‘प्रेसमध्ये आहे’ एवढे म्हटले की स्थळ पक्के, अशी एक पिढी नाशिकरोडने पाहिली.

मालेगावचा उद्योग याहून जुना. नारोशंकरांचा किल्ला इंग्रजांनी १८१८ साली घेतला. पुढे लष्करी छावणी पडली आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव बाजारपेठ म्हणून वाढले. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर याच वाटेने दक्षिणेकडे आले. मँचेस्टरच्या कापडाने त्यांचा धंदा मोडला होता. १८५७ नंतरची धरपकड आणि दुष्काळ यांनी उरलेसुरले घर सोडायला लावले. मोसम नदीच्या काठी त्यांनी हातमाग टाकले आणि विणली ती रंगीत लुगडी. घरात उर्दू बोलणाऱ्या विणकराच्या हातचे लुगडे खानदेशातल्या शेतकरीण बाईच्या अंगावर गेले. कोण इथला आणि कोण बाहेरचा, या वादात हे लुगडे कुणी पुढे करत नाही.

विसाव्या शतकात वीज आली, हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही इथे येऊन पुन्हा चालू झाले. पण कारखाना घरातून फारसा बाहेर पडला नाही. पुढे माग, मागे चूल, असाच त्याचा घाट राहिला.

आता कायद्याकडे वळू. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर कामगार असलेल्या जागेलाच तो कारखाना मानत होता. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली, १९२२ मध्ये वीसवर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने दहावर. म्हणजे ६७ वर्षे ही रेघ खाली खाली सरकत होती आणि दर वेळी आणखी काही कामगार कायद्याच्या आत येत होते.

यंत्रमाग मात्र त्या रेघेच्या खालीच राहिला. एक कारण साधे होते, भांडवल थोडे आणि जागा अपुरी. दुसरे कारण सोयीचे होते. एका छपराखालचे माग भावांच्या, मुलांच्या नावावर वाटले की कागदावर कारखाना उरत नाही. मग तपासणी नाही, रजा नाही, विमा नाही. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या विणकर गावांवरच्या २०१२ च्या ग्रंथात या छोट्या कारखान्यांच्या भांडवलशाहीचा इतिहास सविस्तर मांडला आहे. त्यात मालेगावही आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. गिरण्या खंगल्या, पण देशाला कापड लागतच होते. ते भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या मागांवर विणले जाऊ लागले. कापड गिरणीतून मागावर आले, हजेरीपट मात्र गिरणीतच राहिला. इथे मजुरी विणलेल्या कापडावर मिळते आणि पाळी बारा तासांची असते. सूत महागले किंवा वीज गेली की माग थांबतो, त्याबरोबर मजुरीही थांबते. घरी बसून कांड्या भरणारी बाई तर कामगार म्हणून धरलीच जात नाही.

मोजणीही याच रेघेवरून चालते. देशातले वार्षिक उद्योग सर्वेक्षण मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांचे असते. जिल्ह्याच्या तक्त्यात अभियांत्रिकी उद्योग ठळक दिसतो आणि मालेगावचा मजूर ‘असंघटित’ या एका शब्दात मावतो. ज्याची नोंद नाही, त्याचा विमा नाही. आणि विमेदार कामगारच नसतील तर कामगार विम्याचा दवाखाना कुणासाठी काढायचा? मागाच्या खडखडाटाने बहिरे झालेले कान आणि कापसाच्या धुळीने भरलेली छाती कोणत्याच तक्त्यात येत नाही.

हे अटळ होते का? याच जिल्ह्यातल्या सिन्नरच्या विडी कामगारांकडे पाहा. तिथल्या बायाही घरीच विड्या वळत होत्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरखात्यावरच्या बाईलाही कामगार मानले. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यातून तिला ओळखपत्र मिळाले. अंमलबजावणीत खोट होती, पण नाव तरी लागले. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालाचीही मंडळात नोंद होऊ लागली. म्हणजे छप्पर लहान असो वा मालक अनेक असोत, इच्छा असेल तर कायदा माणसापर्यंत पोहोचतो.

उलट, २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या श्रमसंहितेत यंत्रशक्तीवरच्या कारखान्याची मर्यादा दहावरून पुन्हा वीस झाली. १९४८ पर्यंत खाली आलेली रेघ वर चढली, म्हणजे १९२२ च्या आकड्यावर परत गेली.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की नियमित पगाराच्या नोकरीत मुसलमान कमी आहेत आणि स्वयंरोजगारात जास्त. आपण हे वाक्य सभांमधून अनेकदा ऐकतो. पण ही स्थिती कशी घडली, हे मालेगावच्या एका गल्लीत वाचता येते. तिथे आपल्याच समाजाला एक अवघड प्रश्नही विचारावा लागतो. इथला मालक बहुतेकदा मोमीन असतो आणि मजूरही. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा दोघे एकाच सफमध्ये उभे राहतात. शनिवारी त्या मजुराचे नाव एखाद्या वहीत लिहिले जाते का? सरकारकडे आरक्षण आणि निधी मागताना माथाडीच्या धर्तीवर यंत्रमाग कामगारांचे मंडळही मागायला हवे, आणि त्यात पहिली वर्गणी मालकांनी भरायला हवी.